शेवटचा ‘एड’ कुठे गेला?

डोंबिवली पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीची दोन पाने भरून मजकूर आहे. अक्षर मुलीचे असावे, सही मात्र बाईंची स्वतःची. बाई एमआयडीसीतील एका कारखान्यात पॅकिंगला जातात. यजमान रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त झाले. थोरली मुलगी मराठी शाळेत शिकून बी.कॉम. झाली आणि ऐरोलीच्या बाजूला एका कॉल सेंटरमध्ये लागली. घरात आनंद झाला. पहिल्या पगारात आईला साडी आली.

पुढची हकिगत अशी. एका रात्री अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. माणूस घाईत होता, भराभरा बोलत होता. मुलीने ऐकले ते ‘आय ब्लॉक द कार्ड’. तिला वाटले, कार्ड बंद करायला सांगतो आहे. तिने बंद करून टाकले. वास्तविक तो सांगत होता, की जुने कार्ड मी केव्हाच ब्लॉक केले, बँकेने नवे पाठवले, ते तेवढे चालू करून द्या. मुलीने बंद केले ते नेमके नवे कार्ड! तक्रार झाली. टेप काढून ऐकली गेली. साहेबांनी सगळ्यांच्या देखत विचारले, तो ‘ब्लॉक्ड’ म्हणाला, तुला ऐकू येत नाही का? मुलीला पुन्हा प्रशिक्षणात बसवले आणि त्या महिन्याचा वरचा भत्ता गेला.

‘ऐकू येत नाही का’ हे शब्द मुलीच्या मनाला इतके लागले, की आईने तिला कानाच्या डॉक्टरकडे नेले. मशीनवर तपासणी झाली. कान उत्तम निघाले. बाई विचारतात, कान चांगले, पोर हुशार, मग दोष कशात आहे? आणि मुलगी आता म्हणते, की मराठी शाळेत घातले म्हणून हे झाले. धाकटा अजून चौथीत आहे. त्याचे काय करावे?

वाचक बंधू-भगिनींनो, हे एका घरचे दुखणे नाही. ठाणे, कळवा, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातील आपली शेकडो मुले-मुली अशा नोकऱ्यांत आहेत. कोणी फोनवर, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी जहाजावर, कोणी परदेशी शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीची परीक्षा देतो आहे. सगळ्यांची तक्रार एकच. लिहिलेले कळते, बोललेले निसटते. आणि निसटते ते बहुतेक वेळा क्रियापदाचे शेपूट. काम केले, करतो आहे, करणार आहे की करून ठेवले आहे, हे ज्या अक्षरावर अवलंबून असते नेमके तेच हरवते. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ‘ब्लॉक्ड’मधला शेवटचा आवाज बहुधा बाहेर पडलेलाच नव्हता. जे तोंडातून निघालेच नाही ते कानाला कुठून ऐकू येणार?

आपल्याला शाळेत काय शिकवतात? भूतकाळ करायचा तर क्रियापदाला ‘एड’ लावा. फळ्यावर वर्क आणि वर्क्ड, वॉक आणि वॉक्ड, आस्क आणि आस्क्ड. आपले गुरुजी तो ‘ड’ ठणकावून म्हणत. आम्ही तर ‘आस्केड’ म्हणणारे मास्तरही ऐकले आहेत. त्यामुळे आपला कान त्या ‘ड’ची वाट पाहत बसतो. पण इंग्रज माणूस तो ‘ड’ सगळीकडे म्हणतच नाही. लिहिण्यात ‘एड’ एक असला तरी बोलण्यात त्याची तीन रूपे आहेत. ‘वर्क’, ‘वॉश’, ‘स्टॉप’ यांच्यापुढे तो ‘ट’ होतो : वर्क्ट, वॉश्ट, स्टॉप्ट. ‘कॉल’, ‘क्लीन’, ‘प्ले’ यांच्यापुढे ‘ड’ होतो : कॉल्ड, क्लीन्ड, प्लेड. आणि मूळ शब्दच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल, उदाहरणार्थ ‘वेट’, ‘नीड’, तरच ‘वेटिड’, ‘नीडिड’ असे पूर्ण अक्षर ऐकू येते. म्हणजे आपण ज्या मोठ्या ‘एड’ची वाट पाहतो तो या शेवटच्या गटातच सापडायचा. बाकी ठिकाणी जिभेची एक टिचकी, बस्स.

आणि ती टिचकीसुद्धा पुढे कोणता शब्द येतो त्यावर टिकते. ‘ट’ म्हणताना जीभ वर टेकते, श्वास क्षणभर अडतो आणि जीभ सुटली की आवाज होतो. पण लगेच पुढे ‘द’ किंवा ‘टू’ किंवा ‘डाउन’ असा शब्द आला तर जीभ सुटायला सवडच मिळत नाही. ‘ब्लॉक्ट द कार्ड’ हे दहा वेळा भरभर म्हणून पाहा. चौथ्या-पाचव्या वेळी तुमचाच ‘ट’ गळून पडेल आणि ‘ब्लॉक द कार्ड’ उरेल. ‘वर्क्ट टू डेज’चे ‘वर्क टू डेज’ होते. दोन ‘ट’ शेजारी आले की एकच उरतो, लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसला की त्याचे निम्मे अंग हवेत असते तसे. उलट पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘ट’ वाचतो, पण तो पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो. ‘ब्लॉक्ड इट’ हे ‘ब्लॉक टिट’ असे कानावर पडते. आता ‘टिट’ हा शब्द आपण शाळेत ऐकलेला नसतो, त्यामुळे मन तिथेच अडते आणि तोवर पुढचे वाक्य निघून जाते.

यात आणखी लहान लहान चोर आहेत. ‘आय हॅव्ह’चे ‘आयव्ह’, ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोन्हींचे ‘आयड’, ‘आय विल’चे ‘आयल’. फोनवर ‘आयल कॉल देम’ आणि ‘आय कॉल्ड देम’ यांत फरक तो किती! एकात अजून फोन करायचा आहे, दुसऱ्यात करून झाला आहे. प्रश्न विचारताना ‘डिड यू’चे ‘डिज्यू’ होते आणि ‘वेन’ मागे लागला की ‘वेन डिड यू कॉल’ आणि ‘वेन डू यू कॉल’ जवळजवळ सारखेच वाजतात. आणि ‘पुट’, ‘कट’, ‘शट’ या क्रियापदांना तर भूतकाळाचे शेपूटच नाही. ‘दे पुट द मनी इन द बँक’ म्हणजे ते पैसे बँकेत ठेवतात की त्यांनी ठेवले? नुसत्या वाक्यावरून इंग्लंडच्या राणीलाही सांगता आले नसते.

आता आपल्या मराठीकडे पाहा. ती आली, तो आला, ते आले. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी बसते आणि त्याचे शेपूट म्हणजे चांगला लांब स्वर. बाजारात, गाडीत, वरातीच्या बँडमध्ये, कुठेही ‘आली’मधला ‘ई’ ऐकू येतो, कारण स्वर ओढता येतो. ‘ट’ ओढता येत नाही. म्हणून मराठी माणसाचा कान जन्मापासून वाक्याच्या शेवटाकडे आणि स्वराकडे लागलेला असतो. इंग्रजीत तीच खबर वाक्याच्या मधोमध, एका अर्ध्या व्यंजनात दडवलेली असते.

पण म्हणून आपण फार स्पष्ट बोलतो असा गर्व कोणी करू नये! ‘मी काल कल्याणला गेलो होतो’ असे घरात कोण म्हणते? आपण म्हणतो ‘गेल्तो’. ‘आली होती’चे ‘आल्ती’, ‘सांगितले होते’चे ‘सांगितल्तं’, ‘करतो आहे’चे ‘करतोय’. डोंबिवलीत तमीळ, कानडी, गुजराती, उत्तर भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. शेजारचा नवा आलेला मुलगा पुस्तकावरून मराठी शिकून बसला आणि तुम्ही त्याला ‘तुझ्या आईला सांगितल्तं की’ असे सुनावले, तर तो बिचारा ‘सांगितल्तं’ कोणत्या पुस्तकात शोधणार? त्याला आपण बहिरा म्हणत नाही. मग त्याच न्यायाने आपल्या पोरीला बहिरी का म्हणावे?

कोणी विचारील, की मग इंग्रज एकमेकांचे कसे ऐकतात? उत्तर गमतीचे आहे. तेसुद्धा ऐकत नाहीत, भरून काढतात. १९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एका इंग्रजी वाक्याच्या टेपमधील एका शब्दातला एक आवाज कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. मग वीस जणांना ते वाक्य ऐकवले. एकोणीस जण म्हणाले, सगळे आवाज जागच्या जागी आहेत, मागे कोणी खोकले इतकेच. म्हणजे जो आवाज टेपवर नव्हताच तो त्यांनी ‘ऐकला’. ज्या भाषेत माणूस वाढला त्या भाषेत मन अशी डागडुजी आपोआप करते, आणि माणसाला वाटते कानाने ऐकले. तुम्हीही ‘गेल्तो’ ऐकता तेव्हा हेच करता. नव्या भाषेत ही डागडुजी करायला मनाला वेळ लागतो. कॉल सेंटरच्या साहेबांना टेप ऐकताना ‘ब्लॉक्ड’ ऐकू आले, कारण गिऱ्हाइकाची सगळी हकिगत त्यांना आधीच माहीत होती! निकाल कळल्यावर तपासलेला पेपर नेहमी सोपा वाटतो.

या संदर्भात न्यूयॉर्कमधील एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगण्यासारखी आहे. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. १९६० नंतरच्या दशकात विल्यम लाबॉव्ह नावाचे भाषाशास्त्रज्ञ कोलंबियात शिकवत होते. हार्लेममधील मुले वाचनात मागे का पडतात, याचा शोध ते आणि त्यांचे सहकारी घेत होते. शाळेतले मास्तर म्हणत, ही मुले भूतकाळाचा ‘एड’ म्हणत नाहीत, यांना भूतकाळच कळत नाही. लाबॉव्ह यांनी एक युक्ती केली. इंग्रजीत वाचणे या अर्थाचे क्रियापद दोन्ही काळांत सारखेच लिहितात, पण वर्तमानकाळात त्याचा उच्चार ‘रीड’ आणि भूतकाळात ‘रेड’. त्यांनी मुलांना वाक्ये मोठ्याने वाचायला दिली. वाक्यात ‘गेल्या महिन्यात’ असे शब्द असले की मुले बरोबर ‘रेड’ वाचत. म्हणजे भूतकाळ त्यांना व्यवस्थित कळत होता. पण वाक्यात काळाची खूण फक्त दुसऱ्या एका क्रियापदाचा ‘एड’ एवढीच असली की बरीच मुले चुकत. का? त्यांच्या घरच्या बोलण्यात तो ‘एड’ अनेकदा उच्चारलाच जात नाही, म्हणून छापील ‘एड’वर विसंबायची त्यांना सवय नव्हती.

मुले मंद नव्हती, मास्तरांना मुलांची बोली ठाऊक नव्हती. पुढे हेच प्रकरण कोर्टात उभे राहिले. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावी अकरा कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने दावा लागला. शाळेचे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचे! लाबॉव्ह यांची साक्ष झाली. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला, की मुलांची घरची बोली ओळखून तिच्या आधाराने वाचन कसे शिकवावे, याचे ज्ञान शिक्षकांना देण्याची योजना शाळा मंडळाने केली पाहिजे.

आपल्याकडे १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे सर्वांना माहीत आहे. पण नावापलीकडेही आपली दुखणी किती जवळची आहेत पाहा. ‘आनी’, ‘पानी’, ‘व्हता’ म्हटले म्हणून ज्यांना वर्गात हसे सोसावे लागले असे लोक आपल्या प्रत्येक घरात आहेत. ‘न’ म्हणणारे पोर ‘ण’ म्हणणाऱ्या पोरापेक्षा कमी विचार करते असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. तरी त्या हसण्याचा परिणाम पुष्कळ वर्षे टिकतो. माणूस विचारायचे सोडून देतो. कळले नाही तरी मान डोलावतो, फोनवर ‘येस सर, येस सर’ म्हणतो. आमच्या मते खरा धोका तेथे आहे. न ऐकू आलेला ‘एड’ एका वाक्याचे नुकसान करतो, न विचारता म्हटलेला ‘येस’ सगळेच घालवतो.

हा धोका कार्डापुरता नसतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, एका डच कंपनीचे आणि एका अमेरिकन कंपनीचे अशी दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. डच विमानाने परवानगी मिळण्याआधीच धाव घेतली होती. त्या वेळी त्यांच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलेले वाक्य ‘वुई आर नाऊ ॲट टेकऑफ’ असे होते की ‘टेकिंग ऑफ’ असे, यावर पुढे पुष्कळ खल झाला. टॉवरमधील स्पॅनिश माणसाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. वास्तविक ते धावत सुटले होते. काही भाषातज्ज्ञ सांगतात, की काम चालू आहे हे सांगताना डच भाषेत ‘ॲट’सारखा शब्द येतो, तोच घाईत इंग्रजीत उतरला असावा. धुके, घाई, रेडिओची खरखर, एकाच वेळी दोघांचे बोलणे, अशी कारणे अनेक होती. पण एक ‘इंग’ स्पष्ट असता किंवा टॉवरने तेथल्या तेथे उलट विचारले असते तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. बोलणारे डच, ऐकणारे स्पॅनिश. दोघांचीही मायबोली इंग्रजी नव्हती, आपल्यासारखीच.

त्यानंतर नियम कडक झाले. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना ‘टेकऑफ’ हा शब्द उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. आणि मिळालेली परवानगी वैमानिकाने परत म्हणून दाखवायची. पुढे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मेली, तेव्हाही कझाकस्तानच्या विमानातील कर्मचाऱ्यांचे तोकडे इंग्रजी चौकशीत पुढे आले. २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा सक्तीची आहे.

परत म्हणून दाखवणे ही काही साहेबांनीच शोधून काढलेली गोष्ट नव्हे. आपल्या रेल्वेतल्या घरांना ती चांगली ठाऊक आहे. फाटक बंद केल्यावर गेटमन स्टेशनमास्तरांना फोनवर नुसते ‘बंद आहे’ म्हणत नाही, प्रायव्हेट नंबर देतो. तो नंबर दोन्हीकडे वहीत लिहिला जातो. तेथे ‘मला वाटले बंद केले म्हणालास’ ही सबब चालत नाही. एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात पाळी बदलताना ‘व्हॉल्व्ह बंद केला’ आणि ‘व्हॉल्व्ह बंद करतो’ यांतला फरक किती, हे तेथे काम केलेल्यांना आम्ही सांगायला नको. तेथे दोनदा विचारणाऱ्याला कोणी अडाणी म्हणत नाही. उलट त्याला जबाबदार माणूस म्हणतात. मग फोनवर दोनदा विचारणारी मुलगी अडाणी कशी?

फक्त विचारावे कसे ते शिकायला हवे. ‘पार्डन’ किंवा ‘रिपीट प्लीज’ म्हटले की समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने, वर चिडून, परत म्हणतो. ‘ट’ पुन्हा गिळला जातो. त्याऐवजी आपण आपल्या शब्दांत, काळाची खूण घालून विचारावे. ‘सो यू हॅव्ह ऑलरेडी ब्लॉक्ड द ओल्ड कार्ड, राइट?’ किंवा ‘यू वाँट मी टु ब्लॉक इट नाऊ?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते आणि त्यात गिळण्यासारखे काही नसते. ‘ऑलरेडी’, ‘यस्टरडे’, ‘नाऊ’, ‘टुमॉरो’ हे शब्द मोठे असतात, ते फोनमध्ये हरवत नाहीत.

मराठी शाळेबद्दल विचारले आहे. आमचे मत असे, की दोष शाळेच्या भाषेचा नाही, इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपल्याकडे इंग्रजी म्हणजे वाचायचे, भाषांतर करायचे आणि उत्तरे लिहायची. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, चांगले झाले, तरी परीक्षेचे बहुतांश गुण अजून लेखीचेच असतात. म्हणजे डोळे शिकले, कान तसेच राहिले. गल्लोगल्ली निघालेल्या कित्येक इंग्रजी शाळांतही बाई मराठी वळणाचेच इंग्रजी बोलतात आणि ‘एड’ तसाच ठणकावतात. तेथली मुलेही परदेशी फोनवर अशीच गडबडतात, फी मात्र जास्त भरलेली असते. तेव्हा धाकट्याला घाबरून तडकाफडकी शाळेबाहेर काढू नये. त्याचा कान आजपासून तयार करावा, तो लहान आहे म्हणून लवकर होईल.

कान तयार करण्याची एक रीत सांगतो. क्लासला पैसे लागतात, याला लागत नाहीत. हल्ली घरात एक तरी मोबाइल असतो. कोणतीही इंग्रजी मुलाखत लावावी, बातम्या नव्हे. बातम्या देणारे फार स्वच्छ बोलतात, त्याने वाचन सुधारते, पण भराभर बोलणाऱ्याचे ऐकण्याची सवय होत नाही. फक्त एक मिनिट घ्यावे. पहिल्यांदा नुसते ऐकावे. दुसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवून वहीत लिहावे, आणि हे महत्त्वाचे, की स्पेलिंग आठवून लिहू नये. कानाला जसे लागले तसे देवनागरीत लिहावे. ‘ब्लॉक टिट’ ऐकू आले तर ‘ब्लॉक टिट’च लिहावे. नंतर पडद्यावर खाली येणारी अक्षरे चालू करावीत आणि ताडून पाहावे. जेथे चुकले तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा ऐकावा, वेग कमी करून, मग पुन्हा नेहमीच्या वेगाने. आणि तोंडाने तसेच म्हणावे, गिळून म्हणावे. जो स्वतः गिळून बोलू लागतो त्याला दुसऱ्याचे गिळलेले लवकर कळते. आपल्या देवनागरीचा येथे मोठा फायदा आहे. ती आवाज लिहिते, इंग्रजी लिपी बिचारी स्पेलिंग लिहिते.

आईला इंग्रजी येत नसले तरी तिला यात काम आहे. मूल वाक्य ऐकून सांगते, आईने एवढेच विचारायचे, ‘केलं का करणार?’ मुलाने हे ठरवून सांगायचे आणि कशावरून ठरवले तेही सांगायचे. ‘लास्ट वीक’ म्हणाला म्हणून? की ‘ही’, ‘शी’ होते आणि क्रियापदाला ‘स’ ऐकू आला नाही म्हणून? ही दुसरी खूण पुष्कळांना ठाऊक नसते. ‘शी वर्क्स’ असा ‘स’ हवा होता, तो आला नाही, तर ‘ट’ गिळला असला तरी ते बहुतकरून ‘शी वर्क्ड’ असते. ‘आय’, ‘यू’, ‘दे’ असतील तर ही खूण चालत नाही, तेथे विचारणेच बरे. ज्या विहारात संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात तेथे चार जणांनी मिळून हे केले तर आणखी उत्तम. एकाचा ‘ट’ निसटतो तो दुसऱ्याला सापडतो आणि भांडता भांडता दोघांच्याही लक्षात राहतो.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’चीही एक गोष्ट राहिली. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’मधला ‘ट’ जवळजवळ म्हणतच नाही, मग करू शकतो की शकत नाही हे कसे कळावे? ‘ट’ शोधू नये, स्वर ऐकावा. होकार असेल तेव्हा तो ‘कॅन’ला दाबून टाकतो, ‘आय कन डू इट’, आणि जोर ‘डू’वर देतो. नकार असेल तेव्हा ‘कॅन’ चांगला उघड्या तोंडाने, जोर देऊन येतो. आजच्या एक मिनिटाच्या सरावात आधी हे शोधून पाहा, बहुतेक मुलाखतीत ते दोन-तीनदा तरी सापडते.